"लॉस किती टक्के टाकू?" – डायनो रनचा अनुभव, एकच गाडी, दोन ठिकाणं

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू गाडीचा नाहीये. गाडी रोलरवर चढवून चाकावर किती पॉवर येते ते मोजून देतात ना, त्या डायनो सर्व्हिसचा आहे. दोन ठिकाणी करून बघितली, दोघांची नावं टाकणार नाही कारण पहिल्यावर अजून राग आहे आणि दुसऱ्याची फुकट जाहिरात कशाला करा. पण कुणी पहिल्यांदा गाडी घेऊन जाणार असेल तर तिथे काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठल्या आकड्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही एवढं तरी कळेल.

गाडी माझी जुनीच, २ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, पाच गिअरचं मॅन्युअल आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. कंपनीचा आकडा १५० पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर), ६००० आरपीएमला. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत आणि गेले काही महिने सारखं वाटत होतं की गाडीची ओढ कमी झालीय, ओव्हरटेकला पूर्वीसारखी उचलत नाही. मेकॅनिकला सांगितलं तर तो एक चक्कर मारून आला आणि म्हणाला एकदम मस्त आहे, तुम्हालाच सवय झालीय. म्हटलं असेलही, पण एकदा मोजूनच बघू.

पहिल्या ठिकाणी गेलो. आदल्या संध्याकाळीच गाडी सोडायला सांगितली होती त्यामुळे सकाळी इंजिन, गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) सगळं थंडगार. मी पोचेपर्यंत मागची चाकं रोलरवर आणि पट्टे आवळायचं काम चालू, आणि ते असे आवळले की गाडीचं मागचं अंग पार खाली बसलं, मडगार्ड आणि टायरमध्ये बोट जाईना. टायरमधली हवा बघितली का विचारलं तर "ठीक दिसतीय". समोर पंखा लावला, थर्ड गिअर टाकला आणि एक्सलरेटर पूर्ण दाबला. पाच-सहा सेकंदांत खेळ खल्लास. स्क्रीनवर ११९.

माझा चेहरा पडलेला बघून ऑपरेटर म्हणाला, "अहो हे चाकावरचं आहे, इंजिनचं आत्ता काढून देतो." आणि सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन उघडून कीबोर्डवर बोट ठेवून माझ्याकडे वळून बघत म्हणाला,

"लॉस किती टक्के टाकू?"

लॉस म्हणजे इंजिनपासून चाकापर्यंत येताना वाटेत जी ताकद जाते ती. मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. म्हटलं, "म्हणजे? ते मशीन मोजत नाही का?" तर म्हणे, "मी सगळ्यांना पंधरा टाकतो. वीस टाकले तर आकडा जरा छान दिसतो, तुम्ही सांगा." आता बोला! माझ्या इंजिनची पॉवर किती, हे मीच सांगायचं आणि वर मीच पैसे द्यायचे.

पंधरा टाकले. ११९ भागिले ०.८५, म्हणजे १४०. वीस टाकले असते तर १४९ आले असते आणि माझं लाखभर किलोमीटर पळालेलं इंजिन आजच शोरूममधून बाहेर पडल्यासारखं दिसलं असतं. आणि गंमत अशी की काही जण भागत नाहीत, सरळ १.१५ ने गुणतात, तसं केलं तर १३७ येतात. म्हणजे एकाच रनमधून १३७, १४०, १४९ असे तीन आकडे, आणि तिन्ही "इंजिनचे". मग प्रिंटवर "इंजिन १० पीएस डाऊन" लिहून दिलं आणि लगेच ईसीयू रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घ्या, सगळं परत येईल हेही ऐकवलं. मी कागद घेतला, घडी घातली आणि निघालो.

घरी आल्यावर मात्र किडा डोक्यात वळवळायला लागला. ११९ आणि १५० मधले ३१ पीएस गेले कुठे? पॉवर काही पेट्रोलसारखी जमिनीवर ठिबकत नाही. ती जाते ती उष्णता होऊनच जाते, दुसरी वाट नाही (आवाजात जाते ती चिमूटभर). मग ती उष्णता कुठे होते ते शोधायला बसलो आणि चार-पाच दिवस तेच वाचत होतो.

आपल्या गाडीत इंजिनपासून चाकापर्यंतचा रस्ता असा. आधी क्लच, तो पूर्ण धरलेला असेल तर त्यात जवळपास काहीच जात नाही, घसरत असेल तरच जाते आणि मग वासही येतो. पुढे गिअरबॉक्स. दातावर दात चालतात तिथे घर्षण, पण चांगल्या दातांच्या एका जोडीत साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी जातं, लोकांना वाटतं तेवढं नाही. त्यापेक्षा लक्षात न येणारा खर्च म्हणजे ते सगळे गिअर तेलात बुडून तेल घुसळत असतात, ताक करतात तसं. गाडी ओढतीय का नुसती उतारावरून चाललीय याच्याशी त्या घुसळण्याला काही देणंघेणं नाही, वेग वाढला की ते वाढतंच. बेअरिंग आणि ऑइल सीलचंही तेच. मग प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, सरळ रेषेत असतील तर किरकोळ. आणि मग मागचं क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली ताकद काटकोनात वळवून चाकांकडे नेणारी गिअरची जोडी, हा मात्र खादाड गडी.

क्राऊन-पिनियन म्हणजे आपल्यासारख्या गाड्यांत हायपॉइड. यात पिनियन क्राऊनच्या मधोमध लागत नाही, खाली सरकवलेला असतो. फायदा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट खाली बसतो, गाडीची फ्लोअर खाली येते, पिनियन जाडजूड करता येतो आणि आवाज कमी. पॅकार्डने १९२६ च्या मॉडेलात हे आणलं आणि मग सगळ्यांनीच उचललं. तोटा असा की दात एकमेकांवर नुसते टेकून लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसटतात सुद्धा, आणि ते घसटणं म्हणजे शुद्ध उष्णता. साध्या गिअरच्या जोडीपेक्षा इथे काही पटीने जास्त जातं. म्हणून तर त्यात जीएल-५ दर्जाचं, जास्त दाब सोसणारं तेल लागतं. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या आडव्या इंजिनच्या गाडीत हा प्रकारच नसतो, तिथे फायनल ड्राइव्ह पण साध्या तिरक्या दातांचा, त्यामुळे त्या गाड्या इथे थोड्या नफ्यात.

हे सगळं वाचून झाल्यावर दुसऱ्या ठिकाणी फोन केला आणि मुद्दाम तोच प्रश्न विचारला, "लॉस किती टक्के धरता?" पलीकडून उत्तर आलं, "धरत नाही, मोजतो. जेवढा मोजता येतो तेवढा." झालं, बुक करून टाकलं.

इथे पहिल्यापासूनच वेगळं. म्हणाले गाडी निदान अर्धा तास चालवत आणा, नुसती उभी ठेवून गरम करू नका, कारण उभ्या गाडीत इंजिनचं पाणी तापतं पण डिफरन्शियलचं तेल थंडच राहतं. हे मला कधी सुचलंच नव्हतं. पोचल्यावर त्यांनी टायर चेक केले तर मागचे २६ पीएसआय निघाले, पाहिजेत ३३. (म्हणजे पहिल्या ठिकाणी "ठीक दिसतीय" होते ते हेच.) भरले. पट्टे दोनच, तिरके, आणि आवळताना एक जण मागे वाकून सस्पेन्शन किती दबतंय ते बघत होता. ऑपरेटरकडे ती पिस्तुलासारखी दिसणारी तापमानाची गन होती, त्याने डिफरन्शियलच्या हाउसिंगवर मारून बघितली, ५२ डिग्री. म्हणाला, "अजून थोडं तापू दे, पहिला रन फेकून द्यायचा."

आणि खरंच पहिला रन १२६ आला, दुसरा १२९, मग १३० आणि १३०. सगळे चौथ्या गिअरमध्ये. पहिला रन डोळ्यादेखत फेकला. चौथाच का विचारलं तर त्याने हाताची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं, की अशा गिअरबॉक्समध्ये चौथा म्हणजे डायरेक्ट, इनपुट शाफ्ट आणि आउटपुट शाफ्ट सरळ एकमेकांना लॉक, ताकद कुठल्याच दातावरून जात नाही, खालचा लेशाफ्ट नुसता तेलात फिरत बसतो. तिसऱ्यात मात्र ताकद आधी खाली लेशाफ्टला उतरणार आणि दुसऱ्या जोडीवरून परत वर चढणार. म्हणजे दोन जोड्यांचा टोल. आडव्या इंजिनच्या गाडीत डायरेक्ट असं काही नसतं, तिथे १:१ च्या सगळ्यात जवळचा गिअर घेतात.

पण पहिल्या ठिकाणच्या ११९ मागचं खरं कारण हे नाही, त्याहून मोठं वेगळंच आहे आणि तेच मला सगळ्यात जास्त आवडलं. या प्रकारचा रोलरचा डायनो पॉवर थेट मोजत नाही, रोलर किती झपाट्याने वेग घेतोय त्यावरून काढतो. आता इंजिनची ताकद फक्त रोलर फिरवायला जात नाही, आधी स्वतःचा क्रँक, फ्लायव्हील, क्लच, गिअर, शाफ्ट, चाकं या सगळ्यांना पळवायला जाते. ती वाया जात नाही हं, फ्लायव्हीलमध्ये साठून राहते, गाडी हळू करताना परत मिळते, पण रोलरपर्यंत पोचत नाही म्हणून शीटवर कमी दिसते. हा लॉस नाही, उधारी आहे. घरी येऊन मी हिशोब मांडला. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच मिळून ०.२ किलोग्रॅम-मीटर-स्क्वेअर धरलं (अंदाजच आहे पण अशा इंजिनला जवळपास तेवढंच असतं), २००० पासून ६५०० आरपीएमला न्यायला साधारण ४२ किलोज्यूल लागतात. चौथ्या गिअरला रन १२ सेकंद चालला, म्हणजे सरासरी साडेतीन किलोवॅट, पावणेपाच पीएस. तिसऱ्यात तोच रन ६ सेकंदांत आटोपला, म्हणजे त्याच ४२ किलोज्यूलसाठी ७ किलोवॅट, साडेनऊ पीएस. गिअर बदलला एवढ्यानेच पाच पीएस "गेले"! इंजिन तेच, घर्षण तेच. खाली जितका गिअर घ्याल तितकी गाडी अशक्त दिसणार. आणि कुणी हलकं फ्लायव्हील टाकून डायनोवर "पॉवर वाढली" म्हणून शीट दाखवत असेल तर ते हेच, वाढलं काही नाही, उधारी कमी झाली.

आता कोस्ट-डाऊन. रन संपला, टॉपला पोचला की ऑपरेटर क्लच दाबतो, गिअर तसाच ठेवतो आणि रोलरना आपोआप थांबू देतो. ते किती पटकन हळू होतायत त्यावरून टायर, बेअरिंग, डिफरन्शियल, गिअरबॉक्स मिळून किती खेचून धरतायत ते मशीन मोजतं. रोलरचं स्वतःचं घर्षण त्यात आधीच वजा केलेलं असतं. माझ्या गाडीला ६००० आरपीएमच्या वेगाला १२ पीएस आले. १३० अधिक १२, १४२. आणि इथे ऑपरेटरने स्वतःहून सांगितलं, मी विचारलंही नव्हतं, की "हे पूर्ण नाही बरं का. कोस्ट-डाऊनला दातांवर लोडच नसतो, त्यामुळे लोडखाली क्राऊन-पिनियनमध्ये जे जातं ते यात येत नाही. इंजिनचा आकडा याच्या थोडा वरच असणार." मला हा माणूस इथेच पटला.

त्या १२ मधले किती गिअरबॉक्सचे असतील असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं दहा तरी. तर नाही, सगळ्यात मोठा वाटा टायरचा. रोलर गोल, टायर गोल, दोन गोल एकमेकांवर दाबले की टायर सपाट रस्त्यापेक्षा जास्त आत दबतो, आणि रोलर जितका लहान तितकं वाईट. रबर दबणं-सुटणं दर फेरीला चालू, त्यात ते तापतं. मागच्या एक्सलवर समजा ६०० किलो आणि पट्ट्यांनी वरून २०० किलो दाबलं, त्याचा दीड टक्का धरला तरी १२ किलोचा ओढा होतो, आणि रोलरवर गाडी त्या वेळी ताशी १६५ ने पळतेय, म्हणजे सातेक पीएस गेले नुसत्या टायरमध्ये. हे सात पीएस गिअरबॉक्सचं महागडं तेल टाकून येणार नाहीत, पट्टे सैल करून आणि हवा नीट भरून येतील. पहिल्या ठिकाणी २६ पीएसआय हवा आणि बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पार दबल्यावर टेकतं ते रबर) बसवलेली गाडी, तिथे किती गेले असतील विचार करा. काही ठिकाणी चाकं काढून सरळ हबलाच मशीन जोडतात, त्यात टायरची भानगडच नाही, शक्य असेल तर ते बघा.

मग मी सगळं एकत्र मांडलं. चाकावर १३०, कोस्ट-डाऊन १२, फ्लायव्हीलची उधारी पाचेक, लोडखालचं क्राऊन-पिनियनचं तीन-चार. दीडशेच्या आसपास झाले. हे अंदाजपंचे आहे, मलाही माहितीय, पण एवढं नक्की की इंजिन दहा पीएस डाऊन वगैरे काही नव्हतं आणि रिमॅपची तर मुळीच गरज नव्हती.

तर मग गाडी ओढत नाही असं का वाटत होतं? त्याचंही उत्तर इथेच मिळालं आणि फुकटात. शेवटच्या रननंतर त्याने परत गन फिरवली. डिफरन्शियल ७४, गिअरबॉक्स ६६, डावी ब्रेक डिस्क ४१ आणि उजवी ९३! रनमध्ये ब्रेक कुणी दाबलाच नव्हता. उजव्या मागच्या कॅलिपरची पिन जॅम होती, पॅड हलकासा चिकटून राहत होता. हाताने चाक फिरवून बघितलं तर फिरत होतं पण खस्स खस्स करत. दहा न्यूटन-मीटरचा असा अडथळा त्या वेगाला दोन पीएस खातो. हायवेला दोन पीएस कळणार नाहीत, पण शहरात ताशी साठने चालताना गाडीला लागतातच मुळात आठ-दहा पीएस, तिथे हा सतत चिकटलेला पॅड जाणवतो. मायलेज कमी का झालं होतं तेही कळलं.

दुसरी गोष्ट तेलाची. ड्रेन करून बघितलं तर मागे कुणीतरी (कोण ते मला माहितीय, नाव घेत नाही) गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हीत एकाच डब्यातलं ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ओतलं होतं. डिफरन्शियलला ते चालतं. पण माझ्या गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-८० जीएल-४ सांगितलंय. एक तर ते जाड, थंडीत गिअर पडायला त्रास होत होता तो त्यामुळेच, आणि जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून दोन्हींचा वेग जुळवणारा भाग) पितळी रिंगा खाऊ शकतात. वर ते लेव्हलच्या वर भरलेलं. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असं काही नसतं, जास्त तेल म्हणजे जास्त घुसळण.

पिन साफ केली, ग्रीस लावलं, गिअरबॉक्सचं तेल योग्य ते आणि योग्य तेवढं भरलं. महिन्याभराने परत त्याच ठिकाणी, त्याच गिअरला, तेवढीच हवा. चाकावर १३२, कोस्ट-डाऊन १०. आकडा बघायला लहान वाटतो, आणि दोन रनमध्ये एखादा पीएस इकडे-तिकडे होतोच हे धरूनही कोस्ट-डाऊनचे दोन कमी झाले आणि चाकावर दोन वाढले हे जुळलं, म्हणून मी मानतो. गाडी उतारावर आता न्यूट्रलला जास्त लांब जाते, ते तर मशीनशिवाय कळतं.

आता त्या पंधरा टक्क्यांबद्दल, कारण सगळीकडे हेच चालतं. माझी एकच गाडी, एकच इंजिन, पहिल्या ठिकाणी वीस टक्के "लॉस", दुसरीकडे तेरा, पिन आणि तेलानंतर बारा. टक्का जर गाडीचा असता तर तो असा नाचला नसता. लॉसचा एक भाग वेगावर चालतो – टायर, तेल, सील – इंजिन किती जोर लावतंय याची त्याला फिकीर नाही. दुसरा भाग दातांवरच्या लोडबरोबर वाढतो, पण तो छोटा. त्यामुळे इंजिन १५० चं २०० केलं तर लॉस त्या प्रमाणात वाढत नाही, थोडासाच वाढतो. पण ट्यूनिंगवाल्यांना पंधरा टक्के फार सोयीचे, चाकावर ३० वाढले की ०.८५ ने भागून ३५ म्हणून विकता येतात. आणि उलट बाजूने बघा, कुणी म्हणालं माझी ४०० पीएसची गाडी वीस टक्के गिळते, तर ते ८० पीएस म्हणजे जवळजवळ ५९ किलोवॅट. खोली गरम करायचे २ किलोवॅटचे हीटर असतात ना, तसे जवळपास तीस हीटर. यातले काही टायर घेतील, पण बाकीचे पूर्ण दाबून पळवताना त्या बादलीएवढ्या हाउसिंगमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये सतत चालू ठेवून बघा, दोन लिटर तेलाचं काय होईल. बहुतेक गाड्यांच्या डिफरन्शियलला तर रेडिएटरच नसतो. म्हणजे तेवढं जातच नाही, सरळ गणित आहे.

एक वळसा घेतो. ब्रेक हॉर्सपॉवर या शब्दाचा गाडीच्या ब्रेकशी संबंध आहे असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तसं नाही. गास्पार द प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८२१ मध्ये फिरत्या शाफ्टवर लाकडी ठोकळे आवळून, लांब दांडीच्या टोकाला वजन लावून इंजिनची ताकद मोजली, तो ब्रेक. म्हणजे ताकद मोजायची तर ती घर्षणात जाळूनच मोजायची. आणि कंपनी जो आकडा देते तो क्रँकवरचा असतो, गिअरबॉक्सच्या आधीचा, हे तर आहेच, पण पूर्वी अमेरिकेत तोसुद्धा अल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे काढून मोजलेला "ग्रॉस" असायचा. १९७२ च्या सुमाराला नेट आकड्यावर आले आणि त्याच गाड्या एका रात्रीत कागदावर अशक्त झाल्या. आकड्यांचे खेळ काही आजचे नाहीत.

मित्राला घेऊन गेलो होतो तिसऱ्या वेळी, त्याची ऑटोमॅटिक, जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा). तिथे वेगळाच तमाशा. कन्व्हर्टर लॉक झाला नाही तर इंजिनचा आणि शाफ्टचा वेग वेगळा, मध्ये तेलात घसरण, ग्राफ सुरुवातीला टॉर्कचा डोंगर दाखवतो जो इंजिनमध्ये नाहीच, आणि गिअरबॉक्सचा स्वतःचा पंप प्रेशर धरून ठेवायला सतत ताकद खातो ती वेगळी. शिवाय पूर्ण दाबलं की खालचा गिअर पकडायला बघतो. चार प्रयत्नांत एक रन कामाचा मिळाला. ऑपरेटर वैतागला नाही, पण वेळेचे पैसे पूर्ण लावले. बरोबरच आहे म्हणा. दुसऱ्या एकाला फोर व्हील ड्राइव्ह घेऊन यायचं होतं, त्याला सरळ नाही सांगितलं, रोलरची एकच जोडी आहे, एक्सल सुटा करता येत नसेल तर मधल्या डिफरन्शियलची वाट लागेल. नाही म्हणणारा दुकानदार मला आवडतो.

दुसऱ्या ठिकाणाबद्दल तक्रारी पण आहेत. पंखा फारच बारका. चौथ्या रनला इनटेकच्या हवेचं तापमान पहिल्यापेक्षा आठ डिग्रीने चढलं होतं, करेक्शन (हवेचं तापमान, दाब वगैरे धरून आकड्यात केलेली दुरुस्ती) लावलं तरी गरम हवेत इंजिन स्पार्क मागे घेतं ते करेक्शनला कळत नाही. शीटच्या कोपऱ्यात करेक्शन एसएई जे१३४९ असं छापलेलं होतं हे चांगलं, (दुसरं एसटीडी नावाचं असतं, त्याने तोच रन साधारण ४ टक्के जास्त दिसतो, त्यामुळे दोन शीट शेजारी ठेवायच्या आधी हा कोपरा वाचा), पण कोस्ट-डाऊनचा ग्राफ छापून देत नाहीत, स्क्रीनचा फोटो काढा म्हणतात. का बाबा? तोच तर कामाचा. रनची फाइलही मागितली तर "पुढच्या वेळी". तिसऱ्या भेटीतही "पुढच्या वेळी"च. आणि वेळ देऊन गेलो तरी दीड तास बसवलं, बसायला दोनच खुर्च्या, एकीचा पाय मोडका.

स्टार द्यायचेच तर दुसऱ्याला पाचपैकी चार, ग्राफ छापून दिला की अर्धा वाढवतो. पहिल्याला एक, तोही पट्टे तुटले नाहीत म्हणून.

पहिल्या ठिकाणाहून परवा मेसेज आला होता, रिमॅपवर ऑफर चालू आहे, "चाकावर १५ ची गॅरंटी". मी विचारलं, कुठल्या गिअरला? दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.